रानीखेतचा आयरिस, बडोद्याची वाळू

बागेची हौस असलेल्या माणसाला आपल्या हवेत सहज येणाऱ्या फुलांचे फारसे कौतुक नसते. मोगरा, कण्हेर, सदाफुली बडोद्याच्या उन्हात मुकाट्याने फुलत राहतात. आणि आपले डोळे मात्र थंड प्रदेशातल्या एखाद्या मानी फुलाकडे लागलेले असतात. हा हट्ट केवळ सामान्यांचाच असतो असेही नव्हे. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी लोकांसाठी बाग उभारली आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत आले. परदेशच्या झाडांना या मातीत जागा देण्याची रीत आमच्या गावाला नवी नाही. माझा हट्ट त्या मानाने अगदीच लहान: दाढीवाल्या आयरिसचे एक फूल.

नाव ऐकून हसू येते, पण फूल राजस असते. आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता. तिचे नाव या फुलाला त्याच्या रंगांमुळे मिळाले. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर मऊ केसांची एक पट्टी, तीच दाढी. मधमाशीला आत जाण्याची वाट ती दाखवते. पाने तलवारीसारखी, पंख्याच्या आकारात मांडलेली. जमिनीत कांदा नसतो. आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे वाढणारे खोड असते, ज्याला शास्त्रज्ञ मूलक्षोड म्हणतात. काश्मीरमध्ये वसंतात जुनी कबरस्ताने या कुळातल्या फुलांनी झाकून जातात. काही जातींचे गड्डे दोन-तीन वर्षे वाळवून ठेवले की त्यांना मंद सुगंध येतो व ते अत्तराच्या धंद्यात मोलाने विकले जातात.

माझ्याकडे हे फूल आले ते वन्संमुळे. त्यांचे यजमान सैन्यात होते. निवृत्तीनंतर दोघे रानीखेतला स्थायिक झाले. २०१४ च्या ऑक्टोबरात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सहा गड्डे माझ्या हाती दिले. म्हणाल्या, ‘वहिनी, हा ऊन सोसतो, थंडी तर त्याला हवीच असते; पण ओल्या पायांनी उभा राहत नाही, एवढे ध्यानात ठेवा.’ पुढे मी या फुलाविषयी पुष्कळ वाचले, पण त्या एका वाक्यापलीकडचे असे फारच थोडे सापडले.

आमच्या परसातली माती गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित, हाताला भुसभुशीत लागणारी. तिचा गुण असा की पाणी थांबत नाही. दोषही तोच, कारण पाण्याबरोबर खताचा कसही खाली निघून जातो. म्हणून वीतभर उंचीचा वाफा केला, त्यात पूर्ण कुजलेले शेणखत व थोडे सुपर फॉस्फेट मिसळले. युरिया मात्र कटाक्षाने दूर ठेवला. नत्र फार झाले की पाने माजतात आणि गड्डा पोकळ व नाजूक होऊन सडतो. जागा निवडली ती पूर्वेच्या भिंतीलगतची, सकाळचे सहा तास ऊन आणि दुपारनंतर सावली मिळणारी. थंड देशांत गड्ड्याची पाठ उन्हाला उघडी ठेवतात. आमच्याकडे वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या पाठीवर बोटभर वाळूचे पांघरूण घालावे लागते.

खरा शत्रू ऊन नव्हे, पावसाळा. पहिल्या वर्षी प्रयोग म्हणून दोन गड्डे वाफ्यातच राहू दिले आणि चार मृगाच्या सुमारास उपटले. श्रावण लागेपर्यंत वाफ्यातल्या दोहोंचा दुर्गंधी लगदा झाला होता. जमिनीतले जिवाणू ओल्या उष्ण हवेत हे काम फार लवकर करतात. उपटलेले चार मात्र, पाने वीतभर ठेवून छाटलेले, सावलीत वाळवलेले, माळ्यावरच्या टोपलीत सुरकुतलेल्या हळकुंडांसारखे निवांत पडून होते. नवरात्र उलटल्यावर लावले, तेव्हा पंधरवड्यात हिरवे कोंब वर आले. तेव्हापासून हाच क्रम ठरून गेला.

फुलाची वाट मात्र पाहावी लागली. कळी धरण्यासाठी या झाडाला हिवाळ्याची थंडी लागते, आणि बडोद्याला पौषातल्या काही रात्रीच काय त्या दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात. तीन वसंत नुसती पाने आली. घरातली मंडळी त्याला ‘मामींचे गवत’ म्हणू लागली. २०१८ च्या फाल्गुनात एक दांडा वर आला, त्यावर तीन कळ्या. पहिली उमलली त्या सकाळी मी रानीखेतला फोन केला. वन्संनी रंग विचारला नाही; तो त्यांना ठाऊकच होता. ‘वास येतो का?’ एवढेच विचारले. मी वाकून पाहिले आणि येतो म्हणून सांगितले. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या. पुढल्या वर्षी घर परक्या हाती गेले आणि बागेच्या जागेवर इमारत उभी राहिली. मूळचे ताटवे संपले. त्यांचे जे काही उरले ते आमच्या वाळूत.

२०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, रस्त्यांवर मगरी दिसल्या. आमच्या परसातला वाफा पार वाहून गेला. टोपली माळ्यावर होती. अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात मी तीनदा वर चढून गड्डे मोजले. यजमान हसले, पण शिडी त्यांनीच धरली होती.

या झाडाची एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. एक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून झाला की त्याच्या कुशीला नवे फुटवे येतात आणि तो हळूहळू आक्रसून जातो. वन्संच्या हातचा एकही गड्डा आता उरलेला नाही. आहेत ती त्यांची नातवंडे-पतवंडे. तीन-चार वर्षांनी ती उकरून वेगळी करावीच लागतात. दाटी झाली की फुले कमी होतात. धाकट्या फुटव्यांना नवी जागा देणे हीच त्यांची निगा.

गेल्या ऑक्टोबरात वन्संची मुलगी इंदूरहून आली होती. तिला चार गड्डे दिले. इंदूरचा हिवाळा आमच्याहून कडक, ही जमेची बाजू. पण तिथली काळी माती पाणी धरून ठेवणारी. म्हणून तिला वाफा उंच करायला आणि निम्मी वाळू मिसळायला सांगितले. ‘मामी, वाळू इंदूरलाही मिळते,’ असे ती म्हणत असतानाच यजमानांनी गोराडूची एक गोणी गाडीच्या डिकीत चढवली. परवा तिचा फोन आला: चारही गड्ड्यांना कोंब आहेत. फुलाचे मी काही बोलले नाही. ते आता तिथल्या पौषाने ठरवायचे.