मकबऱ्यामागच्या डोंगरावर आपला वारसा

छत्रपती संभाजीनगर म्हटले की वेरूळ, अजिंठा आणि बीबी का मकबरा एवढेच डोळ्यांपुढे येते. १९९४ च्या नामविस्तारापासून दर १४ जानेवारीला आपले बांधव सहकुटुंब विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे नतमस्तक होतात, १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय पाहतात आणि परतीची गाडी धरतात. पण शहराच्या उत्तरेला, मकबऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत बारा बौद्ध लेणी आहेत. ती पाहायची मात्र राहून जातात.

पायऱ्या चढताना दम लागतो; पण वर पोहोचून मागे वळले की शीण जातो. खाली मकबऱ्याचा पांढरा घुमट, त्यापलीकडे पसरलेले शहर आणि दूर दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर. सकाळच्या उन्हात हा देखावा फार सुरेख दिसतो.

एक ते पाच क्रमांकाची लेणी एका बाजूला आहेत. त्यांतले चौथे चैत्यगृह सर्वांत जुने. आत स्तूप आहे. बाकीची बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात जरूर थांबा. गाभाऱ्यात तथागत बसले आहेत आणि समोर गुडघे टेकून, हात जोडून स्त्री-पुरुष उपासक. हे देव नाहीत, राक्षस नाहीत. ही माणसे आहेत, आणि तीही माणसाएवढ्या उंचीची! विहारात वंदनेला बसलेल्या आपल्याच आयाबाया वाटाव्यात, इतकी जिवंत.

तेथून साधारण एक किलोमीटरवर सहा ते नऊ क्रमांकाची लेणी लागतात. सातव्या लेण्यात हाती कमळ घेतलेला अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आग, तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू अशी आठ संकटे कोरली आहेत. मुलांना ती एकेक करून ओळखायला सांगा. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या सहा स्त्रिया आहेत. कलेचा हा मान बायकांना मिळाला होता, हे आपल्या मुलींनी डोळ्यांनी पाहावे.

पायांत बळ उरले असेल तर जवळची गोगाबाबा टेकडीही चढावी. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला देवगिरीचा उभा डोंगर दिसतो.

जाताना पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. वर परतीची रिक्षा सहसा मिळत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवावी. आत अंधार असतो, बॅटरी हवी. मूर्तींना हात लावू नये, भिंतींवर नावे कोरू नयेत.

आपला इतिहास दगडात लिहिलेला आहे. तो वाचायला अर्धा दिवस पुरतो. पुढच्या खेपेला परतीची गाडी संध्याकाळची घ्या आणि मुलाबाळांना तेथे घेऊन जा.