पाटाचं पाणी मोजताना

दर पावसाळ्यात पुणेकरांच्या तोंडी एक शब्द फार असतो - क्युसेक. खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला, की आमच्या ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप फोटोंनी दुथडी भरून वाहायला लागतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. इथपर्यंत ठीक. पण वाहतं पाणी मोजायचं कसं? बादली तर लावता येत नाही. या उन्हाळ्यात मामांच्या गावी दोन दिवस हाच उद्योग केला, म्हणून म्हटलं या वीकांताला त्याच्यावरच लिहावं. (कोड आणि क्लायंट यांच्यावर पुन्हा कधीतरी. :-) )

आधी भानगड काय होती ते सांगतो. गावाचं नाव देत नाही, कारण ती तिथली घरची गोष्ट आहे. मामांची अडीच एकर जमीन चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे गावाच्या भाषेत 'टेलला' आहे. चारीवर शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे. २००५ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला, त्यानुसार अशा संस्थेला पाणी घनमापन पद्धतीनं मिळतं. म्हणजे किती एकर भिजवलं हे न बघता किती पाणी घेतलं यावर पट्टी. चारीच्या तोंडाशी एक फ्ल्यूम आहे, त्यावरची मोजपट्टी वाचायची आणि तक्त्यात बघायचं. संस्थेचं बिल तिथे ठरतं. पुढे संस्था आपल्या सभासदांना मात्र पाणी तासांवर वाटते. एकराला अमुक तास, तासाला अमुक रुपये.

गोम इथेच आहे. हेडच्या माणसाचा तास आणि टेलच्या माणसाचा तास, पैसे सारखेच. पण त्या तासात शेतात पाणी किती पडतं? तुम्ही शंभर एमबीपीएसचे पैसे भरता आणि बेडरूममध्ये साठच येतात, तसलाच प्रकार. फक्त इथे व्हिडिओ अडकत नाही, ऊस वाळतो.

टेलवाल्यांचं म्हणणं, हेडवाले रात्री सायफन टाकून पाणी ओढतात. हेडवाल्यांचं म्हणणं, तुमच्याकडे पूर्ण पाणी पोचतंय, आम्ही स्वतः मोजलंय. हे भांडण इतकं वाढलं की हेडला जमीन असलेल्या सख्ख्या चुलतभावाच्या घरी मामा लग्नालाही गेले नाहीत. मामी म्हणाली, "तुझ्या मामांना जरा समजाव." आता मी काय समजावणार! पण माझा एक कॉलेजमित्र सिव्हिलवाला आहे, त्याच्याकडे हातात धरून वापरायचा प्रवाहमापक होता. तो मीटर आणि मित्र, दोघांनाही गाडीत घातलं आणि निघालो.

तर मंडळी, हा मीटर दिसायला अगदीच साधा असतो. एक लांब-आखूड होणारी दांडी, तिच्या टोकाला छोटा पंखा, वर एक स्क्रीन. पाणी पंखा फिरवतं, पंख्यातलं चुंबक दर फेऱ्याला एक सिग्नल देतं, आतलं यंत्र फेरे मोजून वेग सांगतं. कल्पना जुनी आहे. हांबुर्गच्या राइनहार्ड वोल्टमननं १७९० मध्ये असा फिरता मापक मांडला होता. त्याच्याही आधी, १७३२ मध्ये, आंरी पितो या फ्रेंच माणसानं वाकवलेली काचेची नळी पॅरिसच्या सेन नदीत बुडवून वेग मोजला. तेव्हा समजूत अशी होती की जितकं खोल जावं तितकं पाणी जोरात वाहतं. पितोच्या नळीनं दाखवलं की उलट आहे, तळाकडे वेग कमी होतो. विमानाचा वेग सांगणारी पितो नळी ती हीच.

फेऱ्यांवरून वेग काढायचं सूत्र सरळ रेषेचं असतं, पण त्यातले आकडे प्रत्येक पंख्याचे वेगळे. ते ठरवायला स्थिर पाण्याच्या लांब टाकीवरून ट्रॉली ठराविक वेगानं पळवतात आणि मीटर त्या पाण्यातून ओढतात. म्हणजे पाणी उभं आणि मीटर पळतोय! ही सोय आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आहे. १९१६ पासूनची संस्था आहे ही. आपण तिच्या शेजारून कणीस खात जातो आणि आपल्याला पत्ता नसतो.

आता मांडणी. मित्रानं पहिला अर्धा तास पाण्याला हातच लावू दिला नाही. नुसतं चारीकडेनं चालवलं. जागा अशी हवी की पाट बराच अंतर सरळ आहे, जवळ गेट नाही, वळण नाही, मध्ये झुडूप नाही आणि भोवरे नाहीत. जागा चुकली की पुढचं सगळं वाया. (गार्बेज इन, गार्बेज आऊट... आपल्या धंद्यातलं सुभाषित इथेही चालतं.) मग काठावर दोन खुंट्या ठोकून पाटावर आडवी टेप ताणली. पाण्यात एक पट्टी उभी केली, कारण मोजता मोजता पाण्याची पातळीच बदलली तर हिशोब जुळणार नाही. पट्टी सुरुवातीला आणि शेवटी वाचायची. मीटरमध्ये नव्या बॅटऱ्या, एकक मीटर प्रति सेकंद, सरासरी साठ सेकंदांची. पंख्यावर हलकी फुंकर मारून बघितली. पंखा सहज फिरून हळूहळू थांबला तर ठीक, झटक्यात थांबला तर आत माती आहे.

पाट तिथे दोन मीटर रुंद होता. त्याच्या वीस-वीस सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या कल्पिल्या. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर आधी खोली मोजायची, मग पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ अंतरावर पंखा धरायचा. खोली ४२ सेंटिमीटर असेल तर पंखा २५ सेंटिमीटर खाली. हे ०.६ कुठून आलं? तळाशी घर्षणामुळे पाणी मंद आणि वर जोरात, हा बदल साधारण लॉगच्या वक्रासारखा असतो. त्या वक्राचं गणित केलं तर सरासरी वेग तळापासून १/ई, म्हणजे खोलीच्या ३७ टक्के उंचीवर सापडतो. वरून मोजलं तर ६३ टक्के. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर 'ई'शी माझी गाठ अशी चिखलात पडेल असं वाटलं नव्हतं! पाणी खोल असेल तर ०.२ आणि ०.८ अशा दोन ठिकाणी मोजून सरासरी घेतात, आमच्या चारीला त्याची गरज नव्हती.

दांडी सरळ उभी हवी, पंख्याचं तोंड प्रवाहाकडे हवं आणि धरणाऱ्याचे पाय त्याच्या वाटेत नकोत. पाण्यात उभं राहायचंच तर टेपच्या खालच्या अंगाला, बाजूला सरकून. आम्ही पाटावर फळीच टाकली. तिसऱ्या पट्टीला वेग अचानक निम्मा झाला. मित्रानं पंखा वर काढला तर त्यात गुटख्याची पुडी अडकलेली! पुडी काढली, वाचन पुन्हा घेतलं.

मधल्या एका पट्टीचा हिशोब देतो. रुंदी ०.२, खोली ०.४२, वेग ०.३६. तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला ३० लिटर, म्हणजे त्या वीतभर पट्टीतून एक क्युसेकच्या जरा वर पाणी चाललंय. काठाच्या पट्टीत खोली १४ सेंटिमीटर आणि वेग मधल्याच्या निम्म्याहूनही कमी. दहाही पट्ट्यांची बेरीज १८६ लिटर. साडेसहा क्युसेक. हे टेलच्या जरा आधी.

आता तोंडाशी बघा. फ्ल्यूमचा तक्ता म्हणत होता साडेनऊ क्युसेक, आमचा मीटर म्हणाला ९.४. म्हणजे मीटरवर भरवसा ठेवायला हरकत नाही. आणि त्या दिवशी पाळी टेलची होती, मधली सगळी दारं बंद.

मामा लगेच उसळले. "बघ! तीन क्युसेक खाल्लं का न्हाई?"

पण मग हेडवाल्यांनी काय मोजलं होतं? ते खोटं बोलत होते का? मुळीच नाही. त्यांनी पाण्यात लिंबू टाकून घड्याळ लावलं होतं. आम्हीही टाकलं. पाटाच्या मध्यावर दहा मीटर जायला २४ सेकंद, म्हणजे ०.४२ मीटर प्रति सेकंद. पाटाचा काटछेद ०.६६ चौरस मीटर. गुणाकार केला तर पावणेदहा क्युसेक! म्हणजे तोंडाशी सोडल्यापेक्षाही जास्त, जणू पाटात वाटेत पाणी वितं. लिंबू चुकत नव्हतं, ते फक्त पाण्याच्या सगळ्यात जोरकस धारेचा वेग सांगत होतं. खोलीतली सरासरी धरायला त्याला साधारण ०.८५ नं गुणावं लागतं, आणि ते केलं तरी काठाचं मंद पाणी हिशोबात येत नाही. पूर्ण पाटाला तोच वेग लावला तर उत्तर आठच्या वर जातं. तीन-चार लिंबं रुंदीभर वेगवेगळ्या जागी सोडली असती तर मीटरशिवायही बरंच जवळचं उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मधल्या टप्प्यावर, ओढ्याच्या अलीकडे, मोजलं. दोन्ही बाजूंचे लोक काठावर उभे. प्रत्येक आकडा संस्थेचे सेक्रेटरी वहीत लिहितायत आणि चुलतमामा मोबाइलवर गुणाकार तपासतायत. आकडा आला ९.१.

इथे मित्रानं जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अशा मोजणीत पाचसात टक्के इकडेतिकडे होणारच. त्यामुळे ९.४ आणि ९.१ यांत फरक आहे असं म्हणूच नका, तो मीटरचा आणि आपल्या हाताचा फरक असू शकतो. पण ९.१ आणि साडेसहा यांतला फरक त्यात बसत नाही. तो खरा आहे. म्हणजे हेडपासून ओढ्यापर्यंत, जिथे चोरीचा आळ होता तिथे, दाखवता येईल असं काहीही कमी होत नव्हतं. जे जात होतं ते ओढा आणि टेल यांच्यामध्ये, आणि त्या पट्ट्यात एकही दार नाही.

ओढा ओलांडायला चारीखाली जुनी मोरी आहे. वेड्या बाभळीतून वाट काढत खाली उतरलो. मोरीच्या छतातून आणि भिंतीच्या सांध्यांतून पाणी कोसळत होतं. ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, लोक त्याला पाझर म्हणत. गळतीही चार जणांनी पाहिलेली होती. फक्त ती किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. सेकंदाला ७२ लिटर. दिवसाला बासष्ट लाख लिटर. आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज सहाशेवर टँकर.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चुलतभावाला म्हणाले, "चल, च्या घेऊ." बस्स, एवढंच. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर फारच गोड झाली असती. पण ओढ्याच्या खालच्या अंगाला चार विहिरी आहेत, त्या ह्याच 'पाझरा'वर भरतात. ते शेतकरी लाभक्षेत्राबाहेरचे, संस्थेचे सभासद नाहीत, पट्टी भरत नाहीत, पण त्यांची भाजी आणि जनावरं त्या पाण्यावर आहेत. त्यांनी कुणाचं काही चोरलेलं नाही. मोरी दुरुस्त केली की मामांचा ऊस भिजेल आणि त्या विहिरी आटतील. संस्थेच्या बैठकीत दुरुस्तीसाठी वर्गणी ठरली. त्या चौघांना सभासद करून घ्यायचं की नाही यावर मात्र तोडगा निघालेला नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आजवर आमी कुणाला दिसत नव्हतो, तेच बरं व्हतं."

त्यांचं हे वाक्य डोक्यातून जात नाही. आपल्याकडे 'डेटा बोलतो' असं म्हणायची फॅशन आहे. मला तरी तो बोलताना दिसला नाही. त्यानं एक खोटं भांडण मिटवलं आणि एक खरा प्रश्न उघडा पाडला. तो सोडवायचं काम माणसांचंच. पण भांडायचंच असेल तर खऱ्या प्रश्नावर भांडावं, निदान लग्नं तरी चुकत नाहीत.

असो. संस्थेनं आता स्वतःचा मीटर घ्यायचं ठरवलंय, आणि वही ठेवायची जबाबदारी मामा आणि चुलतमामा या दोघांवर टाकलीय. तुमच्यापैकी कुणाचं गाव पाटाखाली असेल तर पुढच्या आवर्तनाला एकदा टेप, पट्टी, घड्याळ आणि चार लिंबं घेऊन जा. उरलेल्या लिंबांचं सरबत करता येतंच! :-)