पुडीचं वजन

मी आयुष्यात एकदाच पंच झालो. गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी एका पोराला धरलं होतं आणि दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेला मी त्यांना आयताच सापडलो. टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदातली गांजाची पुडी, शेजारी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. हवालदारानं आकडा मोठ्यानं वाचला, लाख वितळवून सील ठोकलं. मी सही केली, पोरानं अंगठा उठवला. घरी पोचेपर्यंत दूध नासलं होतं.

त्याच आठवड्यात धुळवड होती. आमच्या चाळीत दरवर्षी एक अण्णा पाट्यावर भांग वाटायचे. बदाम, बडीशेप, मिरी, वर केशराच्या चार काड्या. १९८५च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यानं या झाडाचा फुलोरा तेवढा गांजा ठरवला, नुसतं पान त्यातून सुटलं. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवाना लागतो. अण्णांकडे तो कधीच नव्हता, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. मी दोन पेले प्यालो. पंच होतो ना!

गोऱ्या सरकारला हे झाड नीट ठाऊक होतं. १८९३ साली त्यासाठी नेमलेल्या सात जणांच्या आयोगात तिघे हिंदी होते; त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या आणि बंदी नको, परवाना आणि कर असू द्या, असं सांगितलं. तिजोरीची काळजी त्यात होतीच, पण निदान माणसांना विचारलं तरी होतं.

न्यू जर्सीतला माझा भाचा परवा फोनवर सांगत होता की तिथे गांजाच्या परवान्यांसाठी वेगळा आयोग आहे. गांजाच्या जुन्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचे अर्ज तो आधी हाती घेतो. ऐकून मी थक्क झालो. आपल्याकडे ‘आपणावर गुन्हा दाखल आहे काय?’ हा रकाना अर्ज फेटाळायला असतो, तिथे तोच रकाना पुढचा नंबर मिळवून देतो! पण भाचा हसला. २१ एप्रिल २०२२ला विक्री सुरू झाली तेव्हा उघडलेली दुकानं औषधी गांजाचे परवाने आधीपासून असलेल्या कंपन्यांचीच होती. कागदावर पहिला मान असलेला माणूस भांडवल, जागा, वकील जमवत मागेच राहिला.

आपल्याकडेही वारं फिरतंय. उत्तराखंडानं २०१८मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, नोव्हेंबर २०२१पासून तिचं बी अन्न म्हणून विकायला मुभा आहे. परवा एका चकचकीत दुकानात मी बियांच्या तेलाची बाटली उचलली, किंमत पाहून परत ठेवली. उद्या मंत्रालयातून आणखी परवाने निघाले तर ते कुणाला मिळतील, हे सांगायला ज्योतिषी नको. पोलिसांचा चारित्र्य दाखला जोडायची अट पहिल्याच पानावर असेल.

आणि तो दाखला कुणाला मिळणार नाही? ‘विधी’ या अभ्यास संस्थेनं २०२०मध्ये मुंबईतले २०१७ आणि २०१८चे अमली पदार्थांचे १०,६६९ खटले तपासले. जवळजवळ सगळे स्वतः सेवन केल्याचे, त्यातले ८७ टक्के गांजाचे. पकडलेले बहुतेक झोपडपट्टीतले नाहीतर फुटपाथवरचे, आणि शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला.

मला साक्षीचं समन्स कधी आलंच नाही. बरेच दिवस मी वाट पाहिली, मग सुटलो असं वाटलं. तो आकडा मात्र अजून लक्षात आहे: अकरा ग्रॅम, कागदासकट.