आत्तीची कार्डं

कोल्हापुरात 1984 साली नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या नसीमादीदींना उभारी दिली ती बाबूकाका दिवाणांनी. तेही चाकाच्या खुर्चीवरचेच. पुढं उचगावला ‘घरौंदा’ वसतिगृह झालं, शाळा झाली, सिंधुदुर्गात काजूचं काम सुरू झालं. लोक इमारती मोजतात. मला मात्र पहिली गोष्ट मोठी वाटते : खुर्चीवरच्या माणसाला खुर्चीवरचा माणूस भेटला.

आमच्या थोरल्या आत्तीला असं कुणी भेटलंच नव्हतं. पोलिओनं लहानपणीच पाय गेले. सोप्यात बसून ती शेंगा फोडायची, वाकळा शिवायची. पाव्हणे यायचे असले की तिला माजघरात बसवायचे. गावात तिला नाव नव्हतं, ‘पांगळी’ एवढंच.

एकदा दादानं तिला पाठुंगळी घेऊन एसटीत बसवलं आन् कोल्हापूरला अपंगांच्या मेळाव्याला नेलं. रात्री जेवताना ती म्हणाली, “आरं, तितं समदी माझ्यावानीच! कुणी ‘अरेरे’ म्हणालंच न्हाई. हसून हसून पोट दुखलं माझं.”

तिथल्या मैत्रिणी तशाच घरात अडकलेल्या. मग कार्डं सुरू झाली. आत्ती सांगायची, मी लिहायचो. उत्तर आलं की पोस्टमन दारातनं तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारायचा. चार घरं ऐकायची. आत्ती मुद्दाम दुसऱ्या हाकेला ओ द्यायची.