चालू बाजारभावाने

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातील २९वे कलम कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार शून्य होय, एवढाच त्याचा आशय. कलमाखालच्या पहिल्याच उदाहरणात कोणी एक गृहस्थ दुसऱ्यास शंभर टन तेल विकण्याचे कबूल करतो. तेल कोणते, हे मात्र कोठेच सांगितलेले नसते. विद्यार्थिदशेत हे उदाहरण आम्हांस मोठे गमतीचे वाटे. असा मनुष्य जगात असेल तरी कसा, असे आम्ही वसतिगृहात एकमेकांस विचारीत असू. पुढे आमच्याच हातून तसला एक कागद लिहिला गेला, त्याची ही हकीकत.

२००७ साली बेळगावात आमची वकिली नुकतीच सुरू झाली होती. पावसाळ्याच्या तोंडावर पूर्वेकडील एका गावचे चौदा शेतकरी आमच्याकडे आले. त्यांच्या पुढे, सारे गाव ज्यांना आप्पा म्हणे, ते वडीलधारे गृहस्थ होते. त्यांना माळावर मोगली एरंड लावायचा होता. रोपे देणारी एक कंपनी पुढे बी विकत घेणार होती, आणि करार शेतकऱ्यांच्या वतीने आम्ही पाहून द्यायचा होता. भावाची जागा कोरी होती. आम्ही ती भरली: 'चालू बाजारभावाने'. शब्दयोजना आम्हांस न्याय्य वाटली. किंबहुना थोडा अभिमानच वाटला.

त्या दिवसांत ह्या एरंडाचे वारेच तसे होते. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनावरचा आपला अहवाल दिला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये पाचवा हिस्सा वनस्पतिजन्य तेलाचा मिसळावा, त्यासाठी ११२ लाख हेक्टरांवर मोगली एरंड लावावा, असा तो हिशेब होता. ११२ लाख हेक्टर म्हणजे सुमारे तीस गोवे! इतकी जमीन आणायची कोठून? समितीने विरळ जंगले, कुंपणे, पडीक शेते असे सर्व मोजून १३४ लाख हेक्टर उपलब्ध असल्याचे दाखविले. हेक्टरी अडीच हजार झाडे, झाडामागे दीड किलो बी, म्हणजे पावणेचार टन. त्यातून सुमारे सव्वा टन तेल. गुणाकार अचूक होता. फक्त ते दीड किलो कोणी आपल्या माळावर मोजून पाहिलेले नव्हते.

झाड तसे आमच्या ओळखीचे. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. पोर्तुगीजांनी ते अटलांटिकमधील केप व्हर्द बेटांवर नेले आणि त्यांच्याच गलबतांबरोबर ते आफ्रिकेत व आशियात पसरले, असे मानतात. एकोणिसाव्या शतकात त्या बेटांवरून त्याचे बी साबणासाठी व दिव्यांच्या तेलासाठी लिस्बनला जात असे. गोव्यात आणि कोकणात ते कुंपणाला इतके रुळले आहे की परके म्हणून कोणास आठवतही नाही. बी विषारी, पाल्याला गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणून तर त्याचे कुंपण. कुंपणाने पीक किती द्यावे, हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. ते पाण्यावाचून जगते हे खरे. परंतु पाण्यावाचून जगणे निराळे आणि पाण्यावाचून फळणे निराळे.

चौदाही जणांच्या उताऱ्यांवर त्या माळापुढे 'पड' असा शेरा होता. आम्ही तो वाचला आणि पुढे गेलो. वकिलास उताऱ्यापलीकडे पाहण्याची सवय नसते. ह्या माळावर दर हिवाळ्यात धनगरांची बकरी उतरत (आमच्याकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात). दिवसा ती माळावर चरत आणि रात्री शेतकरी ती आपल्या रानात बसवून घेत; त्याबद्दल धनगरांना धान्य मिळे आणि रानाला खत. सरकारदरबारी जी जमीन काहीच करीत नव्हती, ती अशी चौदा घरांच्या ज्वारीला पोसत होती. एरंड लागला, काटेरी तार आली, आणि बकरी दुसऱ्या गावाकडे वळली. पुढच्या वर्षी आप्पांनी पहिल्यांदाच रासायनिक खताच्या पोत्यांसाठी सोसायटीचे कर्ज काढले.

तिसऱ्या वर्षी बी आले ते चौदा जणांचे मिळून काही पोती. कंपनीचा दूरध्वनी लागेना. आप्पा मार्केट यार्डात चौकशी करून थेट आमच्याकडे आले. म्हणाले, "वकीलसाब, बाजारात ह्येचा भावच न्हाई म्हणतात की वो. मग चालू काय हाय?"

आम्ही निरुत्तर झालो. २९व्या कलमातला तो गृहस्थ आम्हांस प्रथमच आरशात दिसला. नोटीस धाडली, पत्ता सापडत नाही असा शेरा घेऊन ती परत आली.

मग सरकारवरच दावा का लावू नये, असे त्या मंडळींतील एका तरुणाने विचारले. प्रश्न अडाणी नव्हता. सरकारच्या शब्दावर विसंबून कोणी आपली स्थिती बदलली, तर सरकारला तो शब्द सहजी फिरविता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या खटल्यात मांडलेले आहे. पण शब्द कोणाला दिला होता? १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या खरेदी धोरणात तेल कंपन्यांनी लिटरला २५ रुपये द्यावेत असे होते. ते तयार, प्रमाणित जैवडिझेलला, ठराविक खरेदी केंद्रांवर. बी वेचणाऱ्याचे नाव त्यात कोठेच नव्हते. एका लिटरला साडेतीन-चार किलो बी लागते. मिथेनॉल, कॉस्टिक, घाणा, वाहतूक हे सर्व फुकट धरले तरी बियाच्या किलोला सहा-सात रुपयांवर काही उरत नाही. हा भागाकार आम्ही २००७ सालीच करू शकलो असतो. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात बियाला किमान आधारभाव देण्याची भाषा आली. आमच्या भागापर्यंत तो भाव कधी पोचला नाही.

सरकारने फसविले, असे आम्ही म्हणणार नाही. परदेशी तेलाचे बिल खरे होते आणि खेड्यात चार पैसे जावेत ही इच्छाही खरी असावी. तथापि अंदाज दिल्लीत चुकला आणि त्याचे कर्ज आप्पांच्या नावावर चढले, हेही तितकेच खरे. आणि त्या दोहोंच्या मधला कागद आमच्या हातचा होता.

२०१८ च्या धोरणाने आकडा खाली आणला: २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के. भर आता बराचसा तळणाच्या वापरलेल्या तेलावर आहे. कर्नाटकात हासनजवळच्या जैवइंधन उद्यानाने बांधावरच्या करंज, कडुलिंब, मोह अशा झाडांचे बी गोळा करण्याची वाट धरली, ती आम्हांस अधिक समजूतदार वाटते. करंजाला कोणाची जमीन लागत नाही, आणि करंजेल तर आपल्या आजीच्या दिव्यात जळतच होते.

ह्या वैशाखात आप्पांचा धाकटा मुलगा एक छापील करार घेऊन आला. करंजाच्याच बियांचा. "काका, आप्पांनी सांगितलंय, आधी भावाचं कलम वाचा म्हणून." आम्ही तिसरे पान उघडले. दराच्या जागी टिंबांची ओळ होती. तेथे आकडा, आणि तोच अक्षरी, कंपनीकडून लिहून आणल्याशिवाय सही करू नका, असे सांगून आम्ही कागद परत दिला. फी घेतली नाही.