काचेवरची काच

नवी वस्तू घरात आली की ती वापरायची कशी हा प्रश्न आपल्या माणसांना मागाहून पडतो. आधी पडतो तो ती झाकायची कशाने हा! रेडिओ आला तेव्हा त्याला झालरीची खोळ शिवली गेली. एवढंच नव्हे तर आवाज बाहेर पडावा म्हणून त्या खोळीला पुढून जाळीही लावण्यात आली. दूरदर्शनचा संच आला तो सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत बसला. रिमोट आला आणि पॉलिथिनच्या पिशवीत शिरला. वर रबराचं कडं. कित्येक घरांत सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक पहिली दोन वर्षं निघत नाही, आणि निघतं तेव्हा त्यावर चादर येते. शाळेच्या पुस्तकाला खाकी कव्हर आणि खाकी कव्हराला पुन्हा पारदर्शक कव्हर घालणारे पालक तर आपण सगळेच आहोत. मूल एक वेळ नापास झालं तरी चालेल, पण पुस्तकाचा कोपरा दुमडता कामा नये!

ही सवय गरिबीतून आली असं कुणी म्हणेल. मला ते तितकंसं पटत नाही. वाड्यांतल्या दिवाणखान्यात हंड्या-झुंबरांनाही वर्षातले चारदोन सणाचे दिवस सोडले तर कापडाचे बुरखे असत. तेव्हा झाकून ठेवणं हा काही नुसता पैशाचा प्रश्न नाही. वस्तू आपल्या हाती आली आहे, पण आपला तिच्यावर अजून विश्वास बसलेला नाही, असा काहीसा तो प्रकार असावा.

हे सगळं आठवायचं कारण असं की गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून सहकुटुंब परभणीला आला आणि त्याच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांच्या हातात एक खेळाचं यंत्र होतं. निन्टेंडो कंपनीचं, परदेशातून कुणी आणून दिलेलं. हातात धरायचं, दोन्ही बाजूंना बटणं आणि मधे पाटीएवढा पडदा. त्या पडद्याला बोट लावलं तरी ते ऐकतं. फराळाचं ताट पुढे आलं तेव्हा घरात दोन पक्ष पडलेले होते. या पडद्यावर आणखी एक काच लावावी की लावू नये? आमच्या सौभाग्यवती अर्थातच लावावी या पक्षाच्या. नातवाचं म्हणणं, "आजी, कंपनीनेच वर एक लावून दिलंय!"

आणि त्याचं खरं होतं. या यंत्राचा पहिला अवतार 2017 साली निघाला, त्याचा पडदा प्लॅस्टिकचा होता. 2021 साली ओएलईडी नावाचा नवा अवतार आला, त्याला काच बसवली. आणि काच फुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून तिच्यावर एक पातळसा पापुद्रा कारखान्यातच चिकटवला. तो काढू नका, असं कंपनी स्वतःच बजावते. म्हणजे आता वाद होता तो संरक्षकावरच्या संरक्षकाचा. गादीच्या खोळीला खोळ घालण्याचा.

मला गंमत वाटली ती निराळीच. ही कंपनी मुळात 1889 साली जपानातल्या क्योटोत निघाली ती खेळण्याचे पत्ते करायला. पत्त्यांची चिंता आपल्याकडेही जुनी आहे. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफाची 120 वाटोळी पानं. एकेका पानावर हाताने काढलेलं चित्र. रोज हाताळून, घामाच्या बोटांनी पिसून ती टिकायची कशी? म्हणून खाली चिंचोक्याची खळ आणि वर लाखेचं रोगण. तिथल्या चिताऱ्याने पानाला रोगण दिलं तेव्हा रंग झाकला जातो अशी तक्रार कुणी केली नसणार. याच्या अगदी उलट आपल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडी फरशीत कोरलेले पट. तिथे खेळाचं साधनच असं की त्याला झाकायची गरज नाही. कुणी खेळलं काय, न खेळलं काय, आणि पावसाळे किती गेले काय!

आता काच लावावी की नाही याचा निकाल लावायचा तर प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कठीण असणं आणि चिवट असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काच कठीण, तिच्यावर सहजी ओरखडा उठत नाही, पण पडली की संपली. प्लॅस्टिक मऊ; नखानेही रुसतं, पण पडलं तर आपटून उठून बसतं. माझ्या पिढीला हे शिकवायला नको. एचएमटीने 1961 साली बंगलोरला घड्याळं करायला सुरुवात केली आणि पुढे ती 'जनता' घड्याळं घरोघरी मनगटांवर आली. त्यांची 'काच' काच नव्हतीच, प्लॅस्टिक होतं. दोन वर्षांत ते इतकं चरे पडून धुरकट होई की वेळ विचारणाऱ्याला अंदाजाने सांगावी लागे. मग रविवारी सकाळी बोटावर टूथपेस्ट घेऊन ते घासत बसायचं. चरे जात आणि घड्याळ पुन्हा तरुण दिसे. पडून फुटलेलं 'जनता' मी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मग ओरखडा उठतो तरी कशाने? लोक किल्लीचा दोष काढतात. बिचारी पितळी किल्ली काचेपेक्षा मऊ. मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांची एक पंगत बसवली. शंखजिऱ्याला पहिलं पान, हिऱ्याला दहावं. त्या पंगतीत काच साडेपाचच्या आसपास बसते आणि गारगोटी सातव्या पानावर. गारगोटी म्हणजे कोण, हे परभणीकराला सांगायला नको. आमच्या काळ्या रानात नांगर फिरला की पांढऱ्या गारा वर येतात. लहानपणी अंधारात दोन गारा घासून ठिणगी कुणी पाडली नाही? त्याच गारेचे बारीक कण गोदेच्या वाळूत आहेत, वाऱ्याच्या फुफाट्यात आहेत आणि सदऱ्याच्या खिशातही आहेत. काचेचा खरा वैरी किल्ली नव्हे. किल्लीबरोबर खिशात राहिलेला तो वाळूचा कण!

स्टेशन रोडवर मोबाइलला काच लावून देणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे जाऊन मी त्या पुड्यांवरचा मजकूर वाचला. '9 एच' असं ठळक छापलेलं असतं. गिऱ्हाइकाला वाटतं, दहातले नऊ गुण; म्हणजे हिऱ्याची धाकटी बहीण! वास्तविक तो 'एच' पेन्सिलीचा आहे. भूमितीच्या तासाला आपण 2 एचची पेन्सिल टोकदार करून नेत होतो ना, त्याच घराण्यातली 9 एच ही फार टणक पेन्सिल. तिने या काचेवर रेघ उठत नाही, इतकाच त्याचा अर्थ. गारगोटीपुढे त्या नऊची डाळ शिजत नाही. दुसऱ्या पुड्यावर '11 डी' होतं. लांबी, रुंदी आणि उंची यांच्या पलीकडच्या आठ मिती कोणत्या, हे मी टपरीवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "लई मजबूत असती काका, घेऊन जा."

पण त्या पोराचं काम पाहण्यासारखं होतं. ओल्या फडक्याने पुसणं, कोरड्याने पुसणं, मग एका चिकट कागदाने उरलेसुरले कण टिपणं, श्वास रोखून काच अलगद सोडणं. आणि मधोमध टिचकी मारली की तिचं पसरत पसरत कडेपर्यंत आपोआप बसत जाणं. एखादा बुडबुडा राहिला तर नखाने तो हाकलत दारापर्यंत पोचवून देणं. नवरदेवाला पाटावर बसवतानाही एवढी काळजी घेत नाहीत. शिवाय ही स्वस्तातली काचसुद्धा साधी नसते. चांगल्या प्रतीची असेल तर तिला पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवून काढलेलं असतं. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसून बसतात. बाजाराच्या दिवशी जिंतूरच्या एसटीत तिघांच्या बाकावर पाचजण बसतात तसे! एवढे चेपून बसलेल्यांत भेग शिरणार कुठून?

तर मग नातवाच्या यंत्राचं काय? मी लावू नये या बाजूने मत दिलं. कंपनीचा पापुद्रा आहे, पोरगं खेळतं ते बहुतेक बटणांनी, आणि यंत्र घरातल्या घरात फिरतं. प्रत्येक थराबरोबर उजेडाची एक झळाळी वाढते आणि चित्र थोडं दूर जातं. खेळणाऱ्याला ते कळतं. पैठणी ट्रंकेत जपून ठेवणाऱ्या माझ्या मावशीची पैठणी अखेर कुठे विरली ठाऊक आहे? घडीवर. अंगावर नेसून विरली असती तर निदान चार लग्नं पाहून विरली असती. सौभाग्यवतींना हे पटलं नाही. त्यांनी जुन्या इरकलीच्या काठाची, आतून मऊ अस्तराची, नाडीची पिशवी शिवून त्या यंत्राला घातली. नातवाला ती आवडली. वाद तिथे मिटला.

पण परभणी जिल्ह्यात खेळाचं यंत्र म्हणजे काही निन्टेंडो नव्हे. इथे पोरं खेळतात ती मोबाइलवर, आणि तो मोबाइल पोराचा नसतो. बापाचा असतो, नव्हे घराचा असतो. झरीकडच्या वाटेवर माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. पाच एकर रान, सोयाबीन आणि तूर. घरात फोन एकच. सकाळी त्यावर बाजारभाव पाहायचा, दुपारी बँकेचा आकडा यायचा, संध्याकाळी आठवीतल्या पोराचा अभ्यास आणि त्या अभ्यासाच्या आडून बंदुकांचा खेळ. उन्हाळ्यात पारा 44 च्या पुढे जातो तेव्हा घामाच्या बोटांनी नेम धरता येईना म्हणून ते पोरगं अंगठ्यांना पावडर लावून बसायचं. एकदा फोन ओट्यावरून पडला आणि पडदा गेला. दुरुस्तीला साडेतीन हजार. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 च्या हंगामाला सरकारने क्विंटलला 5328 रुपये ठरवला. बाजारात बहुतेकांच्या हातात पडला तो त्याहून कमी. म्हणजे त्या एका आपटण्यात बरंचसं पोतं गेलं. अशा घरी काच लावावी की नाही यावर चर्चा कसली करता? बापाने पोराला दटावलं आणि टपरीवरची सगळ्यात जाड काच बसवून आणायला लावली.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. फोन पोराचं बोट ओळखू लागला, बापाचं ओळखेना.

"गुरुजी, हे माझं बोटच घेईना बघा," तो मला म्हणाला. "पोराचं कामून घेतंय?"

याचं उत्तर पडद्याच्या रचनेत आहे. 2004 साली याच निन्टेंडोचं डीएस नावाचं यंत्र निघालं, त्याचा पडदा दाब ओळखायचा. काडीने दाबा, नखाने दाबा, त्याला सारखंच. आजच्या फोनचा पडदा दाब ओळखत नाही. बोटातून वीज किती जाऊ शकते ते ओळखतो. काचेखाली न दिसणारी जाळी असते आणि ओलसर, जिवंत कातडी जवळ आली की त्या जाळीतला विजेचा तोल किंचित बदलतो. खुरप्याने आणि कासऱ्याने घट्टे पडलेलं, वाळून कातडं झालेलं बोट त्या जाळीला बोटच वाटत नाही. त्यात मधे जाड काच. अंतर आणखी वाढलेलं. ज्या हातांनी घर उभं केलं त्यांनाच घरातला फोन परका म्हणत होता.

हे नुसतं गमतीचं नव्हतं. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आहे. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढून ते पीक सात-बाऱ्यावर नोंदवायचं. नोंद नसेल तर पुढे नुकसानीच्या वेळी पंचाईत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन शेंगांसकट पाण्यात उभं राहिलं, तेव्हा ही नोंद किती मोलाची होती हे ज्याचं त्याला कळलं. पोरगं शाळेत आणि बाप रानात फोनवर बोट घासत उभा, असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला मी तिथे होतो.

पोराने आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पर्शाची तीव्रता वाढवायची एक सोय असते ती चालू केली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. मग त्याने बापाकडे न पाहता ती जाड काच एका कोपऱ्याने उचलली आणि सोलून काढली. खिशातून एक पातळ, खरखरीत पापुद्रा काढला. चकाकत नाही आणि अंगठा घसरत नाही म्हणून त्याने तो स्वतःच्या खेळासाठी आणून ठेवला होता. टपरीवाल्याइतक्या सफाईने नाही, पण त्याने तो बसवला. एका बाजूला दोन बुडबुडे राहिले. बापाने बोट जिभेला लावून ओलं केलं, सदऱ्याला टिपलं आणि पडद्यावर ठेवलं. फोनने ते घेतलं.

"आता घेतंय की," तो म्हणाला. "पण पडला म्हंजे रं?"

पोराने उत्तर दिलं नाही. भुरभुर सुरू झाली होती. बापाने कोपऱ्यातल्या खताच्या पोत्यातली आतली पातळ पिशवी काढली, झटकली, फोन तिच्यात घातला, तोंडाला पीळ दिला आणि पिशवीवरूनच बोट चालतं का ते दोनदा पाहिलं. चालत होतं. मग तो बांधाकडे निघाला.