अठराचे एकवीस

"चांगली बातमी आहे," असं मी डीकनना म्हणाले होते. २०१७चा नोव्हेंबर होता. ते वाक्य अजून घशात अडकलेलं आहे.

मी डेट्रॉइटमध्ये किडनीच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. नवऱ्याची मोटार कंपनीतली नोकरी, ट्रॉयमधलं घर, मुलं थोडी मोठी झाल्यावर पुन्हा परीक्षा देऊन मिळवलेली आहारतज्ज्ञाची पात्रता, हे सगळं इथल्या कितीतरी मराठी घरांत सारखंच आहे, त्यामुळे सांगत बसत नाही. रोज सकाळी मी एट माइल रोड ओलांडून शहरात शिरते. त्या रस्त्याच्या उत्तरेला आमची उपनगरं आणि दक्षिणेला डेट्रॉइट, जिथे दहातले जवळपास आठ लोक कृष्णवर्णीय आहेत. पहिल्याच आठवड्यात एक वयस्कर बाई मला म्हणाल्या, "माझ्या आईला शुगर होती, तिच्या आईलाही शुगर." परभणीला आमच्या गल्लीतही असंच बोलायचे. डायबेटिस हा शब्द दोन्हीकडे डॉक्टरांचा.

डीकन हे त्यांचं नाव नव्हे, चर्चमधलं काम. सगळे त्याच नावाने हाक मारायचे, मीही. जन्म अलाबामातला, लहानपणी आईवडिलांबरोबर उत्तरेत आलेले, पुढे तीस वर्षं मोटारींना रंग देण्याच्या खात्यात. शुगर पंचवीस वर्षांची. पहिल्या भेटीत मी त्यांना आहाराचा छापील कागद दिला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यंग लेडी, यात माझ्या आईनं कधी रांधलेलं असं काही आहे का?" नव्हतं. क्विनोआ होता. मग मी त्यांच्याकडून शिकले. कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे त्यांची रोजची पालेभाजी, ती धुरावलेल्या मांसाच्या तुकड्यासोबत तासन् तास शिजते आणि सगळं मीठ त्या तुकड्यातून येतं. आम्ही तो तुकडा काढला; कांदा, लसूण, लाल मिरची आणि शेवटी व्हिनेगर घातलं. आंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या बाईला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. हीच भाजी ते चर्चच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. त्यांच्या घराजवळचं दुकान म्हणजे पार्टी स्टोअर, दारू आणि चिप्स विकणारं. ताज्या भाजीसाठी दोन बस बदलाव्या लागत. तरी त्यांची तीन महिन्यांची शुगर ९वरून ७च्या खाली आली होती. किडनी मात्र आधीच गेलेली होती.

आता ज्यावरून मी 'चांगली बातमी' म्हणाले तो कागद. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते याचा अंदाज काढतात, त्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. रिपोर्टवर तो दोन ओळींत छापून यायचा. वरच्या ओळीत 'आफ्रिकन अमेरिकन नसल्यास : १८'. खालच्या ओळीत 'आफ्रिकन अमेरिकन असल्यास : २१'. रक्त एकाच माणसाचं, एकाच सकाळी काढलेलं.

आकडा २० किंवा त्याखाली आला की किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत वेळ मोजायला सुरुवात होते, डायलिसिस लागायची वाट पाहावी लागत नाही. त्या रांगेत आधी आलेल्याला फार किंमत आहे, कारण पुढची तीन, चार, पाच वर्षं त्यावर अवलंबून असतात. मी खालची ओळ वाचली आणि म्हणाले, "चांगली बातमी आहे, तुम्ही अजून विसाच्या वर आहात."

त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि ही कुणाची?"

"ती तुमची नाही," मी म्हणाले.

१८चे २१ कसे झाले? सूत्रात वय असतं, स्त्री की पुरुष ते असतं, आणि माणूस कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या उत्तराला १.१५९ने गुणायचं असं २००९च्या सूत्रात ठरलेलं होतं. त्याआधीच्या सूत्रात तर १.२१२ने. अभ्यासात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांत किडनीचं काम तेवढंच असूनही क्रिएटिनिन सरासरीने जास्त निघालं होतं, आणि त्यांचे स्नायू जास्त असतात असं त्याचं कारण सांगितलं गेलं. डीकनच्या दंडाला कुणी टेप लावली नव्हती. बासष्ट वर्षांचे, आजाराने वाळलेले, घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावणारे गृहस्थ. त्यांचे स्नायू कुणी पाहिले? पाहिला तो नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने, चेहरा, आणि एका चौकोनात खूण केली.

त्याच वर्षी माझी स्वतःची तपासणी झाली, त्यावरही त्याच दोन ओळी. माझी वरची. मी रंगाने डीकनपेक्षा उजळ नाही. लहानपणी मावशी मला दर रविवारी हळद आणि साय चोळायची, का ते मराठी वाचकांना सांगायला नको. डेट्रॉइटच्या त्या सूत्रात मात्र मी 'नसल्यास' मध्ये. डीकनच्या नातीची आई गोरी आहे. त्या मुलीची ओळ कोणती? मी हे तेव्हा विचारलं नाही. मी सांख्यिकी शिकलेली होते, नोकरीत नवी होते आणि छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास होता.

खालची ओळ विसाला यायला आणखी सव्वा वर्ष गेलं. २०१९च्या सप्टेंबरात त्यांना डायलिसिस लागलं, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, पण डायलिसिसच्या खुर्च्यांवर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. आमच्या केंद्रात तर बहुतेक सगळ्याच.

काही मेडिकल कॉलेजांत विद्यार्थ्यांनी उठून विचारलं की हे गुणणं कशासाठी. २०२१मध्ये किडनीतज्ज्ञांच्या राष्ट्रीय गटाने वंशाशिवायचं नवं सूत्र सुचवलं. २०२३च्या जानेवारीत प्रत्यारोपणाच्या सगळ्या रुग्णालयांना नियम लागू झाला : यादीतल्या कृष्णवर्णीयांचे जुने रिपोर्ट काढा आणि गुणाकारामुळे गेलेला वेळ परत द्या. वर्षभरात १४,०००हून अधिक लोकांना तो मिळाला. चौदा हजार! जुन्या फायली धुंडाळल्यावर, आणि तेही जे तोवर यादीत होते तेवढेच. ज्यांचं नाव यादीत लागलंच नाही, जे मधल्या काळात गेले, त्यांचे रिपोर्ट कोण काढणार?

मी खूप दिवस त्या सूत्रकारांना मनात शिव्या दिल्या. पण ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांना आकडा अचूक हवा होता. शिवाय नव्या सूत्राने आकडा खाली येतो म्हणून आता काही कृष्णवर्णीय रुग्णांचं शुगरवरचं मेटफॉर्मिनही आधी बंद होतं, कारण तीसच्या खाली ते देत नाहीत. हे मी सहकाऱ्यांना समजावून सांगते, शांतपणे. आणि घरी परतताना एट माइलच्या सिग्नलला पुन्हा तोच संताप येतो. अचूकतेसाठी केलेल्या गुणाकारात नेमकी त्याच माणसांची वर्षं कशी गेली, ज्यांच्यात शुगरचं प्रमाण सुमारे १२ टक्के आहे आणि गोऱ्यांत सुमारे ७?

माझा भाऊ परभणीत आहे, शुगर आठ वर्षांची. मी त्याला विचारलं, लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन कधी तपासलंस? तो म्हणाला, शुगर नॉर्मल आहे की. शुगर असेल तर तुम्हीही तपासून घ्या, वर्षातून एकदा तरी. किडनी दुखत नाही आणि सुरुवातीची वर्षं क्रिएटिनिनही गप्प राहतं. प्रथिनं लघवीतून गळायला लागतात ते आधी कळलं तर आज औषधं आहेत. २०१९पासून अमेरिकेत ग्लिफ्लोझिन गटातलं एक औषध खास डायबेटिसच्या किडनीसाठी मान्य झालेलं आहे. डीकनच्या लघवीची अशी तपासणी पहिली वीस वर्षं कुणीच केली नव्हती. अलीकडे मला सूत्रापेक्षा त्याचा राग जास्त येतो. पुन्हा वाटतं, नाही, दोन्हीचा सारखाच यावा.

२०२३च्या उन्हाळ्यात डीकनना पत्र आलं. ते डायलिसिसच्या खुर्चीवर होते, एक हात नळ्यांना बांधलेला, म्हणून त्यांनी मला वाचायला सांगितलं. सगळे जुने रिपोर्ट धरून दोन वर्षं एक महिना वेळ खात्यात जमा. आदल्या हिवाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि यादीतलं नाव 'तूर्त स्थगित' होतं. म्हणजे रांगेत ते पुष्कळ पुढे सरकले आणि तिथेच उभे राहिले.

पत्र मिटवून मी म्हणाले, "डीकन, तो २०१७चा रिपोर्ट मीच वाचला होता. चांगली बातमी म्हणाले होते मी."

"आठवतं ना," ते म्हणाले. "मी गाडीत बसल्याबसल्या बायकोला फोन केला. त्या रात्री आम्ही दोघं बाहेर जेवायला गेलो. माशाबरोबरचे फ्राइज मी परत पाठवले, तू नको म्हणाली होतीस म्हणून."